दुखणारी दाढ नेमकी कोणती? काढण्याआधी तपासणी कशी व्हायला हवी?

धामकाठ

मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. हा धागा आईच्या दाढेवरून काढते आहे. दोन महिने झाले तरी ती गोष्ट मनातून जात नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत आईची डावी बाजू दुखायला लागली. आधी माठातलं पाणी लागलं की सणक यायची. मग चहाही लागायला लागला. मग रात्री, काही न खाता-पिता, कानापर्यंत ठणका. आई गालावर हात दाबून ओसरीत बसून राहायची. लवंग धरली, तुरटीच्या गुळण्या केल्या, मेडिकलमधून गोळ्या आणल्या. शेवटी तालुक्याला नेलं. "कोणती दुखते?" विचारल्यावर आईनं खालच्या शेवटच्या दाढेवर बोट ठेवलं. तिथे काळा ठिपका होता. इंजेक्शन देऊन ती दाढ काढली. सगळं मिळून वीस मिनिटं.

चौथ्या रात्री पुन्हा तोच ठणका, तीच जागा. आई म्हणाली, "दाढ तं गेली, मंग दुखून काय रायलं वो?"

दुसऱ्या ठिकाणी नेलं. तिथल्या डॉक्टरांनी कापसाचा छोटा बोळा चिमट्यात धरला, त्यावर कसलासा थंड फवारा मारला आणि तो एकेका दाताला लावत गेले. उजवीकडून सुरुवात केली, मग डावीकडे खाली, मग वर. वरच्या डाव्या बाजूच्या, जुनी चांदी भरलेल्या दाढेला बोळा लागला मात्र, आईनं डॉक्टरांचं मनगटच धरलं. बोळा काढल्यावरही कळ मिनिटभर थांबली नाही. कीड त्या चांदीखाली होती. खालची दाढ चांगली होती.

काढलेली दाढ आईनं काडेपेटीत ठेवली आहे. मी ती हातात घेऊन पाहिली. वरच्या खाचेत काळी रेघ आहे, एवढंच. मुळं धडधाकट, कुठे भोक नाही. बासष्टाव्या वर्षी भाकरी चावायची एक चांगली दाढ गेली.

मला कुणावर खटला चालवायचा नाही. मला समजून घ्यायचं आहे. दात आतून कुजला, मुळाशी बिघडला, हे डॉक्टर कसं ओळखतात? दुखणं एका जागी आणि दोष दुसऱ्या जागी असं का होतं? आणि आपण खुर्चीत बसलेलो असताना काय विचारावं? इथे कुणी दंतवैद्य असतील तर सविस्तर लिहा. माझ्या शाळेतल्या पालकांना मी ते वाचून दाखवणार आहे.

वैनगंगा

ताई, वाचून वाईट वाटलं. आमच्या घरी काकांच्या दोन दाढा अशाच गेल्या. तिसरी काढल्यावर थांबलं, म्हणून सगळे म्हणाले चला, सापडली!

पळसफूल

धामकाठ ताई, मी दंतवैद्य आहे. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. तुमच्या आईसारखे पेशंट माझ्याकडे दर महिन्याला येतात, म्हणून वेळ काढून लिहितो.

आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. दाताच्या पोटात एक बारीक पोकळी असते. तिच्यात रक्तवाहिन्या आणि नसा असलेला मऊ गर असतो. आम्ही त्याला पल्प म्हणतो, लोक नुसतं 'नस' म्हणतात. या गराला दुखतं भरपूर, पण कुठे दुखतंय याचा पत्ता सांगता येत नाही. जागेची जाणीव दाताच्या मुळाला हाडाशी बांधणाऱ्या पातळ आवरणात असते. तुम्ही खडा चावला तर कोणत्या दाताखाली आला ते लगेच कळतं, ते या आवरणामुळे. म्हणून सूज दाताच्या पोटातच असते तोवर पेशंट चुकीचा दात दाखवू शकतो. वरची दाढ खाली जाणवते, खालची कानात जाणवते. बाजू मात्र सहसा बदलत नाही, डावीकडचं उजवीकडे जात नाही. सूज मुळाच्या टोकातून बाहेर पडून त्या आवरणाला लागली की मग पेशंट नेमक्या दातावर बोट ठेवतो. तुमची आई पहिल्या टप्प्यात होती, म्हणून तिचं बोट चुकलं. त्यात तिची काहीच चूक नाही. बोटावर विसंबून दाढ काढणं ही आमच्या धंद्यातली चूक आहे आणि ती टाळता येते.

आता तपासणी. मी आधी पाच मिनिटं नुसतं विचारतो. थंड लागतं की गरम? लागलं तर काढल्याबरोबर थांबतं की मागे रेंगाळतं? काही न लावता आपोआप दुखतं का? झोपेतून उठवतं का? या उत्तरांतच अर्धं निदान असतं. थंड लागून लगेच थांबत असेल तर पल्पला सूज आहे, पण ती उतरणारी आहे. कीड काढून नीट सिमेंट भरलं की दात वाचतो, नस काढावी लागत नाही. कळ रेंगाळत असेल, अर्धा मिनिट, मिनिट, आणि रात्री आपोआप ठणकत असेल तर ती सूज सहसा उतरत नाही.

मागच्या मे महिन्यात एक शेतकरी भाऊ बर्फाच्या पाण्याची बाटली घेऊन आले. एसटीत बसल्यापासून दर दोन-तीन मिनिटांनी एक घोट तोंडात धरत होते, गिळला की पुन्हा ठणका. लोकांना वाटतं थंडानं बरं वाटतं म्हणजे दात चांगला आहे. उलट आहे. गरमानं पेटणं आणि थंडानं शांत होणं ही पल्प शेवटाला आल्याची खूण आहे. त्या भाऊंच्या बाबतीत बाटलीकडे पाहूनच मला अंदाज आला, तरी मी एकेक दात तपासला.

थंडाची तपासणी तुम्ही पाहिलीच. त्या फवाऱ्यानं बोळा शून्याच्या बराच खाली जातो. फवारा नसेल तर इंजेक्शनच्या सुईच्या टोपणात पाणी भरून फ्रीजमध्ये बर्फाची कांडी करता येते. मी सुरुवातीची वर्षं तीच वापरली. फक्त वितळलेलं पाणी शेजारच्या दाताला लागू द्यायचं नाही. दात आधी कोरडा करायचा. आणि सुरुवात चांगल्या दातापासून करायची, म्हणजे पेशंटला 'साधं थंड' कसं लागतं ते कळतं आणि मला त्याची सहनशक्ती कळते. ताई, तुमच्या डॉक्टरांनी उजवीकडून सुरुवात केली ती यासाठीच.

चांगल्या दाताला थंड कळतं आणि एक-दोन सेकंदांत जातं. मेलेल्या पल्पला काहीच कळत नाही. सुजलेल्याला झणकन लागतं आणि रेंगाळतं.

पण पल्पचं कळलं म्हणजे संपलं नाही, मुळाशी काय चाललंय ते वेगळं पाहावं लागतं. त्यासाठी आरशाच्या दांड्यानं दातावर हलकं ठोकतो, मुळाच्या टोकाशी हिरडी बोटानं दाबतो, दात हलतो का पाहतो, हिरडीच्या कडेनं बारीक सळई फिरवून खिसा, म्हणजे दात आणि हिरडी यांच्यातली फट, किती खोल आहे ते मोजतो. ठोकल्यावर दुखलं तर मुळाभोवतीचं आवरण सुजलंय एवढंच कळतं, पल्प जिवंत की मेलेला ते नाही. म्हणून मी केसपेपरवर दोन ओळी लिहितो. एक पल्पची, एक मुळाच्या टोकाची. २००९ साली अमेरिकेतल्या एंडोडोंटिस्ट, म्हणजे दाताच्या नसेचा इलाज करणाऱ्या दंतवैद्यांच्या संघटनेनं ठरवलेली नावं आता सगळीकडे शिकवतात आणि त्यांत हेच आहे, एका दाताला दोन निदानं. पल्प मेलेला, मुळाशी जुनी सूज. किंवा पल्प न उतरणाऱ्या सुजेचा, मूळ अजून ठीक. तुमच्या आईचं बहुधा हे दुसरं होतं.

आणि एक्सरे. आपल्याकडे एक्सरेवर फार विश्वास आहे, "फोटो काढला ना, मग झालं". एक्सरेत नस दिसत नाही. कीड किती खोल गेली, मुळाच्या टोकाला हाड विरघळून काळी सावली आली का, एवढं दिसतं. तीही उशिरा. त्या जागच्या हाडातला साधारण ३० ते ५० टक्के खनिज भाग गेल्याशिवाय साध्या एक्सरेत फरक उमटत नाही. ठणका लागून दोन दिवस झालेल्या दाताचा एक्सरे अगदी स्वच्छ येऊ शकतो.

उरलेलं संध्याकाळी लिहितो, पेशंट बसले आहेत.

वैनगंगा

डॉक्टरसाहेब, माझाच प्रश्न विचारतो. मी गोंदियाकडचा. दहा-बारा वर्षं खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाल्ला, आता सोडून सात महिने झाले. खालची उजवी दाढ चावताना दुखत नाही, चावून दात सोडला की करंट लागल्यासारखी चमक येते. रोज नाही, एखाद्या घासाला. एक्सरेत काही नाही. एक डॉक्टर म्हणाले नस काढू, दुसरे म्हणाले काही नाही. मी काय समजू?

पळसफूल

खर्रा सोडलात, हे आधी बोलतो. सात महिने म्हणजे अवघड काळ गेला. परत जाऊ नका.

तुम्ही सांगितलेली खूण महत्त्वाची आहे. दाबताना नाही आणि सोडताना चमक, म्हणजे दाताला तडा असण्याची शंका घ्यायची. सुपारी वर्षानुवर्षं फोडून दाढेत केसाएवढी चीर पडते. चावताना चिरेच्या दोन बाजू सरकतात, सोडताना परत मिटतात आणि आतली नस डिवचली जाते. एक्सरेत असा तडा क्वचितच दिसतो, कारण किरण चिरेच्या रेषेतूनच गेले तर दिसणार.

डॉक्टरांना सांगा की दाढेच्या एकेका टोकावर स्वतंत्रपणे चावून पाहायचं आहे. त्यासाठी प्लॅस्टिकचं छोटं साधन येतं, नसेल तर कापसाची कडक गुंडाळी चालते. ज्या टोकावर सोडताना चमक येईल तिथे तडा शोधायचा. मागून दिव्याचा झोत टाकला की तड्यापाशी उजेड अडतो, पलीकडची बाजू अंधारी दिसते. माझ्याकडे आलेल्या एका आजोबांची दाढ अशी उजेडात धरली तेव्हा मधोमध सरळ काळी रेघ दिसली. त्यांच्या मुलाला आरशात दाखवली, त्यालाही दिसली. आणि खिसा मोजताना एकाच अरुंद जागी सळई खोल गेली तर तडा मुळापर्यंत गेलेला असू शकतो, मग तो दात वाचणं कठीण. वरच्या वर असेल तर कॅप बसवून बांधून टाकता येतो. नस काढायची का, ते थंडाच्या तपासणीवर ठरवायचं, आधी नाही.

अजून एक. तोंड किती उघडतं ते पाहा. तुमचीच तीन बोटं उभी एकावर एक समोरच्या दातांत जातात का? खर्ऱ्यानं गालाची आतली कातडी ताठ होते, तोंड उघडायचं कमी होतं. माझ्याकडे पंचविशीतले पोरगे येतात, दोन बोटंही जात नाहीत. मागच्या दाढेपर्यंत आरसा पोचत नाही, मग तपासणार काय आणि रूट कॅनल करणार कुठून. बोटं जात नसतील तर तेही दाखवा, त्याची तपासणी वेगळी आहे आणि टाळू नये.

संत्राबाग

हा धागा पाहून माझ्या वडिलांचं लिहायलाच हवं. आम्ही वरुडकडचे.

वडिलांच्या हनुवटीवर फोड आला. फुटायचा, थोडा पू यायचा, खपली धरायची, महिन्यानं परत. चौदा महिने चाललं. मलमं झाली, गोळ्यांचे चार कोर्स झाले. एकदा चीर देऊन साफ केला, टाके घातले. दोन महिन्यांनी त्याच टाक्यातून परत पू. कुणीतरी गाठीचं नाव काढलं तेव्हा घरात जेवण गोड लागेना. वडिलांना दात मात्र कधीच दुखला नाही, एक दिवस सुद्धा नाही. म्हणून दाताकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

शेवटी एका सर्जननं विचारलं, "बाबा, हनुवटीला कधी मार लागला होता का?" वडील हसले. वीस वर्षांपूर्वी वखराचं जू उसळून तोंडावर बसलं होतं, ओठ फाटला होता, आम्ही सगळे विसरलो होतो. सर्जननं दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं. तिथे त्या फोडाच्या भोकातून गुलाबी रंगाची बारीक, लवचीक काडी हळूच आत सरकवली. वडिलांना काही कळलंही नाही. काडी आत असतानाच एक्सरे काढला. काडी पांढऱ्या रेघेसारखी दिसत होती आणि वळत वळत खालच्या पुढच्या एका दाताच्या मुळाच्या टोकाशी जाऊन थांबली होती. तिथे वाटाण्याएवढी काळी सावली. त्या दाताला थंड लावलं, काहीच कळलं नाही. शेजारच्यांना कळलं.

त्या एका दाताचं रूट कॅनल केलं. हनुवटीला हात सुद्धा लावला नाही. तीन आठवड्यांत भोक बंद झालं. आता फक्त खळीसारखा खड्डा आहे.

धामकाठ

संत्राबाग भाऊ, अंगावर काटा आला. डॉक्टर, दात मेलेला असून वीस वर्षं दुखत कसा नाही?

पळसफूल

कारण मेलेल्या पल्पला दुखवणारं काही उरत नाही. मार लागला तेव्हा मुळाच्या टोकाशी रक्तवाहिनी तुटली, पल्प मेला. पुढे जंतू आत शिरले, मुळाच्या टोकाशी पू साठत गेला. पू कोंडला तर असह्य ठणका, गाल सुजतो. पण त्याला बाहेर जायला वाट सापडली तर दाब राहत नाही, म्हणून दुखतही नाही. ही वाट बहुतेक वेळा तोंडात हिरडीवर उघडते. पुटकुळीसारखं दिसतं, दाबलं की खारट चव येते. कधी कधी बाहेर कातडीवर उघडते. ती गुलाबी काडी म्हणजे गट्टापर्चा, रूट कॅनल भरायला वापरतात तीच. एक्सरेत ती पांढरी उमटते, म्हणून उगम शोधायला उत्तम.

हनुवटीवर, जबड्याच्या कडेला, गालावर परत परत येणारा फोड असेल तर चीर देण्याआधी दात तपासून घ्या. हे मी आमच्या भागातल्या सगळ्या डॉक्टरांना सांगत असतो.

मृगाचा_पाऊस

माझा मुलगा नऊ वर्षांचा. बोअरिंगच्या हातपंपाचा दांडा समोरच्या दातावर बसला. दात तुटला नाही, थोडा हलला. दहा दिवस झाले. एका डॉक्टरांनी थंड लावून पाहिलं, मुलाला काहीच कळलं नाही. म्हणाले, तीन महिने थांबू. शेजारचे म्हणतात, नस मेली, लगेच काढून घ्या, नाही तर दात काळा पडेल. थांबू का?

पळसफूल

ताई, तुमचे डॉक्टर बरोबर सांगताहेत. थंडाची तपासणी नसेची जाणीव तपासते, रक्तपुरवठा नाही. मार लागल्यावर नस काही आठवडे बधिर होऊन बसते, रक्त मात्र चालू असू शकतं. शिवाय नऊ वर्षांच्या मुलाच्या समोरच्या दाताचं मूळ अजून पुरतं तयार झालेलं नसतं, टोक उघडं असतं. त्या उघड्या टोकातून रक्तपुरवठा परत जुळायची चांगली शक्यता असते. आता नस काढली तर मुळाची वाढ तिथेच थांबेल, भिंती पातळ राहतील.

फक्त थांबायचं म्हणजे विसरायचं नाही. डॉक्टरांनी दिलेल्या तारखांना न्या. थंडाची तपासणी दर वेळी आणि एक्सरे लागेल तसा. मधेच हिरडीवर पुटकुळी आली, सूज आली, ठणका लागला तर तारखेची वाट पाहू नका. दात करडा दिसायला लागला तरी दाखवा, पण एकट्या रंगावरून नस मेली असं ठरत नाही.

अशाच फसवणाऱ्या आणखी जागा आहेत. म्हाताऱ्या माणसांत पल्पची पोकळी चुन्यानं भरत जाते, थंड नीट कळत नाही, पण दात जिवंत असतो. दाढेला दोन-तीन मुळं, एकातली नस मेली, दुसरीतली जिवंत, मग उत्तर गोंधळाचं येतं. कॅप बसवलेल्या दाताचं तसंच. म्हणून एका तपासणीवर कधी निर्णय घ्यायचा नाही, दोन-तीन खुणा एकाच दाताकडे बोट दाखवायला हव्यात. तरी उलगडा होत नसेल तर एकाच दाताजवळ भूल देऊन पाहतो, ठणका थांबला तर तीच बाजू, तोच भाग. आणि काहीच जुळत नसेल तर एक-दोन दिवस थांबतो. दुखण्याची गोळी देतो आणि पेशंटला खरं सांगतो की मला अजून दात सापडलेला नाही. पेशंट चिडतात. चांगला दात काढण्यापेक्षा ते बरं.

पांढरमाती

डॉक्टरसाहेब, बायकोचं वय ४४. दुसऱ्याच कारणानं काढलेल्या एक्सरेत खालच्या पुढच्या तीन दातांच्या मुळाशी काळे गोल दिसले. तिन्हींचं रूट कॅनल सांगितलंय. तिला काही त्रास नाही, दात पांढरे आहेत, कीड नाही, मार नाही.

पळसफूल

मी इथून निदान करणार नाही, पण एक सांगतो. तिन्ही दातांना थंड लावून पाहिलंय का ते विचारा. मध्यमवयीन बायकांत खालच्या पुढच्या दातांच्या मुळाशी हाडाचाच एक निरुपद्रवी बदल होतो. सुरुवातीला एक्सरेत तो अगदी जंतुसंसर्गाच्या सावलीसारखा दिसतो. फरक एकच, दात जिवंत असतात. तिन्ही दातांना शेजारच्यांसारखंच थंड कळलं तर रूट कॅनलची घाई करू नका, दुसरं मत घ्या. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा वर्ध्याजवळ सावंगीच्या दंत महाविद्यालयात याचा वेगळा विभाग आहे, एक्सरे सोबत न्या.

यवतमाळ-चंद्रपूरच्या वाचकांसाठी इथेच लिहून टाकतो. आपल्या बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. त्यानं दातांवर येणारे तपकिरी डाग म्हणजे कीड नाही. डाग पाहून दाढ काढायला बसू नका.

रात्रपाळी

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. दातांचा नाही, पण रात्री दोन वाजता दाढदुखी माझ्याकडेच येते, म्हणून दोन शब्द.

लोक येतात आणि सरळ अँटिबायोटिक मागतात. आम्हीही दमलेले असतो, लिहून देतो, हे मी कबूल करतो. पण नुसत्या नसेच्या ठणक्यावर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. मेलेल्या पल्पमध्ये रक्तच फिरत नाही, तर औषध पोचणार कसं? दाताच्या आतली घाण काढणं किंवा पू बाहेर काढणं हाच इलाज. ताप असेल, सूज पसरत असेल तर अँटिबायोटिक हवंच, पण पू काढण्याच्या जोडीला. हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून धरू नका, हिरडी भाजते, पांढरी पडते.

आणि एका गोष्टीला सकाळची वाट पाहायची नाही. खालच्या दाढेची सूज जबड्याखाली दोन्ही बाजूंना उतरली, गळा लाकडासारखा टणक झाला, जीभ वर उचलली गेली, थुंकी गिळता येईना, बोलणं घोगरं झालं, तर तडक १०८ बोलवा. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ साली या आजाराचं वर्णन केलं, त्यांचंच नाव त्याला आहे. श्वास बंद होऊन माणूस जातो. शुगरवाल्यांनी जास्तच जपायचं. माझ्या समोर एका सालगड्याला असं आणलं होतं, पाचव्या दिवशी. पाच दिवस घरी हळदीचा लेप लावून ठेवला होता. तो वाचला, कारण नागपूरला वेळेत पोचला.

डाव्या जबड्यात दुखतंय, कोणताच दात तपासणीत सापडत नाही, आणि चालल्यावर वाढतं, घाम येतो, तर आधी ईसीजी, कारण दुखणं हृदयाचं असू शकतं.

जुनी_पेठ

आमच्या गावच्या बाजारात अजून एक बाई येते. रिंगणीचं बी निखाऱ्यावर टाकून नळीनं धूर तोंडात द्यायचा, खाली पाण्याच्या थाळीत पांढरे किडे पडतात. माझ्या आजीनं घेतला होता, तिला आराम पडला. किडे मी डोळ्यानं पाहिले आहेत. हे खोटं कसं म्हणू?

पळसफूल

तुम्ही पाहिलं ते खोटं नाही. पांढरं काहीतरी पडतं, पण ते तोंडातून पडत नाही. बी तडकलं की त्याच्या आतला वळलेला पांढरा कोंब बाहेर येतो, तोच किड्यासारखा दिसतो. दुखणाऱ्या माणसाशिवाय नुसतं बी जाळून थाळी धरा, तेच दिसेल. आराम पडतो तो बहुधा योगायोगानं. नस मरते त्या वेळी ठणका आपोआप थांबतोच, मग धूर दिला असो वा नसो. त्या शांततेत मुळाशी पू तयार होत असतो. "दुखायचं थांबलं" म्हणून घरी बसलेले पेशंट सहा महिन्यांनी गाल सुजवून येतात.

दातात किडा नसतो हे फ्रान्समधल्या पिएर फोशार या दंतवैद्यानं १७२८ सालीच लिहिलं होतं. खरे दोषी जंतू. १९६५ साली अमेरिकेत काकेहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर एक प्रयोग केला. दोन गटांतल्या उंदरांच्या दाढांना भोक पाडून पल्प उघडा केला. साध्या उंदरांचा पल्प मेला, मुळाशी पू झाला. ज्यांना जन्मापासून जंतूविरहित पिंजऱ्यात वाढवलं होतं त्यांच्या भोकात अन्न अडकलं, तरी पल्प जिवंत राहिला आणि त्यानं भोकावर दाताचंच नवं आवरण धरलं. मला कॉलेजात हे शिकवलं त्या दिवशी मी हॉस्टेलवर परत येईपर्यंत त्याच विचारात होतो. पल्प दुबळा नाही, जंतू बाहेर ठेवले तर तो स्वतःला सावरतो. म्हणूनच लवकर या, असं मी रोज घसा कोरडा होईस्तोवर सांगतो. थंड लागायला लागलं त्याच आठवड्यात आलात तर एका सिमेंटवर काम होतं.

धामकाठ

सगळ्यांचे आभार. डॉक्टर, तुमचं लिहिणं मी वहीत उतरवून घेतलं. शनिवारी शाळेत पालकांपुढे वाचलं, त्यातून एक गोष्ट घडली ती सांगते.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची आजी उठून म्हणाली, "मास्तरीणबाई, माह्या तं वरच्या साऱ्याच दाढा दुखते." तिची एक दाढ काढायची सोमवारी ठरली होती. तिला विचारलं, कधी दुखतं? म्हणाली, निंदायला वाकलं की तोंड जड पडते, दाढा लांब झाल्यावानी वाटते. सर्दी होऊन पंधरा दिवस झाले होते. मला काही कळलं नाही, पण माझी आई शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "मी येतो संगं."

सोमवारी दोघी अर्ध्या तिकिटात आर्वीला गेल्या. खुर्चीत आजी बसली आणि डॉक्टर इंजेक्शन भरायला वळले तसं आईनं विचारलं, "साहेब, थंड लावून पायलं का?" डॉक्टर थांबले. वाईट वाटून घेतलं नाही त्यांनी. वरच्या पाची दाढांना थंड लावलं, पाचींना सारखंच कळलं आणि लगेच गेलं. ठोकलं तर पाची थोड्या थोड्या दुखल्या. गालाच्या हाडावर दाबलं तेव्हा आजी ओरडली. गालाच्या हाडातली पोकळी, म्हणजे सायनस, भरला होता. दाढ काढली नाही. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांची चिठ्ठी दिली.

काल आजी शाळेत नातीला सोडायला आली होती. दुखायचं थांबलंय. तोंड उघडून पाची दाढा दाखवल्या.

पळसफूल

ताई, आईंना माझा नमस्कार सांगा. आणि त्यांच्या त्या वरच्या दाढेचं रूट कॅनल झालं असेल तर कॅप बसवायची राहू देऊ नका. नस काढलेली दाढ कॅपशिवाय भाकरीच्या कडेनंही फुटू शकते.

धामकाठ

पुढच्या गुरुवारी कॅपची तारीख आहे.